अर्ध्या माळेची भिंत

मिस ऑडलींचं दहन उरकून आल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी त्या नेहमीसारख्या गुणगुणू लागल्या. एडगर प्लमली किटलीत पाणी भरत होता. किटली भरली, वाहू लागली, सदऱ्याच्या बाहीतून गार पाणी कोपरापर्यंत गेलं, तरी त्याचा हात नळाकडे गेला नाही. सूर तोच. दोन पायऱ्या चढायचा, काहीतरी विसरल्यासारखा थांबायचा, आणि मग भलत्याच जागेवरून पुढे चालू लागायचा. भिंतही तीच, निळ्या कागदाची. गंमत म्हणजे त्याला आधी भीती वाटली नाही. बरं वाटलं. चला, उठल्या बाई, असं नेहमीचं काहीतरी मनात येऊन गेलं, आणि त्यानंतर काल दुपारचा दहनगृहातला तो जांभळा पडदा आठवला, जो अडखळत अडखळत सरकला होता आणि सरकून झाल्यावरही थोडा वेळ हलत राहिला होता. मग मात्र त्यानं नळ बंद केला आणि ओली बाही दुसऱ्या हातानं धरून तो तसाच उभा राहिला. सारा जन्म त्यानं लेस्टरच्या बाजारपेठेतल्या दुकानात लोकांच्या डोळ्यांपुढे भिंगं बदलण्यात घालवला होता. आता स्पष्ट दिसतं, की आता? हे, की हे? लोक गोंधळायचे, दोन्ही सारखंच म्हणायचे, आणि त्याला मनातून त्यांचा राग यायचा. सारखंच कसं असेल? नीट बघा की जरा. आता त्यालाच कोणी विचारलं असतं की गेलेली बाई गाणं म्हणतेय हे खरं, की काल तुम्ही भलत्याच बाईच्या अंत्यविधीला जाऊन आलात हे खरं, तर त्यानंही सांगितलं असतं, दोन्ही सारखंच.

आणि कालचं ते चहाच्या वेळचं. ते आठवलं की त्याच्या कानाच्या पाळ्या तापत होत्या. अंत्यविधीनंतर चर्चच्या हॉलमध्ये सँडविच आणि फिका चहा होता, माणसं जेमतेम, आणि मिस ऑडलींबद्दल कोणी चकार शब्द काढत नव्हतं. हवेबद्दल बोलत होते, गाडी कुठे लावली त्याबद्दल बोलत होते. प्लमलीला ते बघवेना. जो माणूस स्वतःच्या निरोपसमारंभातही चार शब्द बोलला नव्हता, तो कप खाली ठेवून उभा राहिला आणि बोलू लागला. माझी बायको गेली तेव्हा मी सकाळी उठणं सोडून दिलं होतं, तो म्हणाला. मग भिंतीपलीकडून मिस ऑडलींची गुणगुण यायला लागली. त्यांना मी हे कधी सांगितलं नाही, ते बरं दिसलं नसतं. पण त्या गुणगुणीला धरून मी उठलो. रोज उठलो. एवढंच सांगायचं होतं. तो खाली बसला तेव्हा हॉलमध्ये इतकी शांतता होती की कोणाच्या तरी दाताखाली काकडी मोडल्याचं ऐकू आलं. मग मिस ऑडलींची भाची रोझलिंड त्याच्यापाशी आली. ती नॉरविचहून आली होती आणि आत्याचं सामान आवरायला काही दिवस तिच्याच फ्लॅटमध्ये राहणार होती. तिचे डोळे ओले नव्हते. ती चक्रावली होती.

"थर्झाआत्या गुणगुणायची?"

"रोज सकाळी."

"आमची थर्झाआत्या? अहो मिस्टर प्लमली, तिला गाण्याचा तिटकारा होता. चर्चमध्ये ऑर्गन सुरू झाला की ती बाहेर जाऊन थडग्यांवरची नावं वाचत बसायची. आणि अलीकडे तर ठार बहिरी झाली होती. तुम्हाला ठाऊक नव्हतं?"

"आमचं बोलणं फारसं नव्हतं."

"शेजारी होतात ना?"

"म्हणूनच," प्लमली म्हणाला, आणि आपण हे काय बोललो ते त्याचं त्यालाच कळलं नाही.

थॉर्नकोटमध्ये शेजारी कोणाला म्हणायचं हा तसा अवघडच प्रश्न होता. शहर इथवर यायच्या आधी ते एका जमीनदाराचं घर होतं. आता त्याच्या हरणांच्या कुरणातून वळणरस्ता जातो आणि फाटकासमोर टायरचं दुकान आहे. समोरून पाहिलं तर घर मोठं शिस्तीचं. मधोमध दार, दोन्हीकडे सारख्या खिडक्या, वर दगडी कठडा. पण ती शिस्त नुसती तोंडावरची. आत एक लाकडी सांगाड्याचं म्हातारं घर होतं, वाकडंतिकडं, आणि राणी ॲनच्या काळात कुठल्याशा ऑडलीला बायकोच्या माहेरचे काय म्हणतील याची लाज वाटली, तेव्हा त्यानं त्या घराला समोरून विटांचा नवा चेहरा चढवला. खिडक्या बाहेरून ओळीत बसवल्या. आतले मजले काही ओळीत नव्हते. त्यामुळे जिन्याजवळच्या एका खिडकीला मधूनच जमीन कापत गेली होती, वरच्या मजल्यावर तिचा अर्धा भाग गुडघ्याएवढा दिसायचा आणि उरलेला अर्धा खालच्या मजल्यावर छताला चिकटलेला. दुसरी एक तर खिडकीच नव्हती, विटांवर काळा रंग देऊन त्यावर पांढऱ्या पट्ट्या ओढल्या होत्या, आणि रंग विटला की फ्लॅटवाल्यांची समिती इमानेइतबारे ती पुन्हा रंगवून घ्यायची. नंतरच्या ऑडलींनी मागे एक भाग वाढवला, त्यांच्या नातवांनी तो निम्मा पाडला, लढाईत लष्कर राहून गेलं, आणि शेवटी कोणा बिल्डरनं आत फळ्या ठोकून फ्लॅट केले. मार्जरीला, प्लमलीच्या बायकोला, हे घर बघताक्षणी आवडलं ते छतामुळे. त्यांच्या वाट्याला जुना दिवाणखाना आला होता आणि त्याच्या छतावर गिलाव्याची पानाफुलांची मोठी माळ होती, द्राक्षांचे घोस आणि गव्हाच्या ओंब्या गुंफलेली. ती अर्धं वर्तुळ काढत भिंतीपर्यंत यायची आणि भिंतीत शिरून नाहीशी व्हायची. "उरलेली अर्धी मिस ऑडलींकडे," मार्जरी म्हणायची. "आपण आणि त्या एकाच माळेखाली झोपतो, एडगर. नातंच की हे." घराण्यातल्या शेवटच्या मिस ऑडली आजोबांच्या घरात एका फ्लॅटपुरत्या उरल्या होत्या. फाटकाशी भेटल्या की हनुवटी किंचित खाली करायच्या, आणि तेवढ्या हनुवटीवर प्लमली नवराबायकोचा दिवस सुखाचा जायचा.

मार्जरी गेल्यानंतरचे महिने त्याला आठवत नाहीत. नासलेल्या दुधाचा वास आठवतो, आणि एक सकाळ. पडदे ओढलेले, तो बिछान्यात भिंतीकडे तोंड करून पडलेला. आता उठायचं नाही असं त्यानं ठरवलं नव्हतं, ठरवायचंही त्राण नव्हतं. आणि भिंतीतून तो सूर आला. पलीकडे कोणीतरी भांडं घासत होतं आणि घासण्याच्या तालावर गुणगुणत होतं, मध्येच कपाटाचं दार आपटत होतं. आपलं कोणी ऐकत नाही याची खात्री असली म्हणजे माणूस गुणगुणतं तसं. प्लमलीला त्यात लहानपणीच्या चॅपेलमधली एक प्रार्थना सापडली. शब्द त्यानं आपले आपण भरले. तो उठला. चहा केला. दुसऱ्या दिवशी पुन्हा. त्या सुराबरोबर कधीकधी तळलेल्या बेकनचा वासही यायचा, आणि मिस ऑडली आणि बेकन हे काही त्याच्या डोक्यात जमायचं नाही, तेव्हा तो वास तो वाऱ्यावर ढकलून द्यायचा. आपल्याला हवं तेवढं ठेवावं आणि नको ते वाऱ्याच्या माथी मारावं, अशी माणसाची खोडच असते. मग मागच्या हिवाळ्यात गुणगुण थांबली. तिच्या जागी दुपारी, सगळं थॉर्नकोट कामावर गेलेलं असताना, भिंतीतून रडणं येऊ लागलं. मोठ्यानं नाही. दम लागलेलं माणूस जिना चढतं तसं, थांबून थांबून. प्लमलीला ते ऐकवायचं नाही आणि तिथून उठवायचंही नाही. जाऊन दार वाजवावं, तर म्हणायचं काय? तुम्ही रडत होतात ते मी ऐकलं? त्यापेक्षा एखाद्या बाईला, तुम्ही कपडे बदलत होतात ते मी पाहिलं, असं सांगणं सोपं. शेवटी त्यानं संत्र्याच्या मोरंब्याची एक बरणी, मार्जरीच्या पद्धतीनं स्वतः केलेल्या, मिस ऑडलींच्या दारात ठेवली आणि चोरासारखा पळून आला. काही दिवसांनी बरणी धुऊनपुसून त्याच्या दारात परत आली. वसंत लागल्यावर गुणगुणही आली, तुटक, पण आली. प्लमलीनं त्याचं श्रेय मोरंब्याला दिलं आणि आठवडाभर तो स्वतःवर फार खूश होता.

आज, दहनाच्या दुसऱ्या सकाळी, भिंतीतला सूर अजून थांबला नव्हता. प्लमलीनं कोट चढवला, जिन्याच्या चौकात आला आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यानं मिस ऑडलींचं दार वाजवलं. रोझलिंडनं उघडलं. तिच्या तोंडात दात घासायचा ब्रश होता.

"तुम्ही आत्ता गुणगुणत होतात का?"

तिनं ब्रश काढला. "फेस घेऊन?"

"नाही, म्हणजे रेडिओ वगैरे?"

"मिस्टर प्लमली, तुम्ही बसता का जरा? चेहरा पांढरा पडलाय तुमचा." तिनं त्याला दंडाला धरून आत नेलं. आत खोकी होती, उघड्या पडलेल्या कपाटाच्या तळाशी जुन्या बुटांच्या जोड्या होत्या, आणि खोलीत एकही आवाज नव्हता. त्यानं मान वर केली. इतकी वर्षं त्यानं ती दुसरी अर्धी माळ मनात पाहिली होती. तिच्यावर थोडी धूळ असणार, एखादं द्राक्ष पडलेलं असणार, हेसुद्धा ठरलेलं होतं. छत कोरं होतं. सपाट, पिवळट पडलेलं, आणि मधोमध एक दिव्याची वायर. "माळ कुठाय?" तो म्हणाला. रोझलिंडनं कपाळाला आठ्या घातल्या. "कसली माळ? आत्याकडे दागिने नव्हते हो काही." तो हसला की नाही त्याला आठवत नाही. परत आल्यावर तो आपल्या माळेखाली उभा राहिला. ती भिंतीत शिरत होती आणि पलीकडून बाहेर पडत नव्हती. मग ती जात होती कुठे? आणि बाई गात नव्हत्या तर उठवत कोण होतं? पायाखालची जमीन एका बाजूला उतरतेय असं वाटून त्यानं खुर्ची धरली, आणि जमीन खरोखरच उतरती होती, थॉर्नकोटमधली कुठलीच जमीन सरळ नव्हती, तेव्हा आपलं डोकं फिरतंय की घर, हेही सांगणं कठीणच होतं. एक गोष्ट मात्र त्याला त्या गोंधळातही लख्ख कळत होती. हा सूर गेला तर आपण पुन्हा त्या बिछान्यात जाऊन पडू. या खेपेला उठवायला कोणी येणार नाही.

दुपारी डॉक्टर व्हेन आल्या. या बाई रोग्यांच्या नव्हेत, जुन्या घरांच्या डॉक्टर; समितीनं आगीच्या नव्या नियमांसाठी घर तपासायला त्यांना नेमलं होतं. हातात छोटी लाकडी हातोडी, केसांत जळमट. त्यांनी निळ्या भिंतीवर चार ठिकाणी ठोकलं, कान लावला, आणि डावीकडे एका जागी पुन्हा ठोकलं. तिथे पोकळ वाजलं.

"पलीकडच्यांचं आणि माझं," प्लमली घसा साफ करून म्हणाला, "ही फळ्यांचीच भिंत ना? बिल्डरनं घातलेली?"

"ही? छे हो. ही जुन्या घराची बाहेरची दगडी भिंत. एके काळी हिच्यावर पाऊस पडायचा. हात पसरलात तरी पुरायचा नाही एवढी जाड आहे."

"पण माळ तर अर्धी आहे."

"अर्धीच केलीय." त्यांनी भिंतीच्या वरच्या कडेला बोट दाखवलं, तिथे कागदाखाली लोखंडी आकड्यांचे उंचवटे होते. "इथे आरसा असणार, जमिनीपासून छतापर्यंत. अर्धी माळ गिलाव्याची, अर्धी आरशातली. खर्च निम्मा, थाट पुरा. पुढे आरसा फुटला असेल, नाहीतर विकला असेल कोणीतरी." मग त्या स्वतःशीच हसल्या. "निदान आज तरी मला असं वाटतंय. ह्या घराबद्दल मी काहीही सांगितलं की पुढच्या खेपेला हे मला तोंडघशी पाडतं."

"आणि आवाज? भिंतीतून आवाज येऊ शकतो?"

"हिच्यातून? पलीकडे तोफ उडवली तरी नाही. पण हे बघा, हे पोकळ लागतंय ना, इथे जुनं तोंड आहे धुराड्याचं, नुसतं पुठ्ठ्यानं झाकलंय. खालच्या स्वयंपाकघरातल्या चुलीचं धुराडं इथून वर जातं. तुम्हाला बेकनचा वास येत नाही?"

"नाही," प्लमली म्हणाला. का म्हणाला कोण जाणे.

"आता मुळीच येणार नाही. गुरुवारी माणसं येतील, बुजवून टाकतील. खाली आग लागली तर सरळ तुमच्या बिछान्यापाशी येईल अशी सोय आहे ही." दारापाशी जाऊन त्या थांबल्या. "तसं, वरच्या-खालच्या दोघांनी मिळून सांगितलंत तर झडपही बसवता येते. आगीत आपोआप मिटणारी, एरवी उघडी. पण कोण एवढा उपद्व्याप करतंय?"

खालच्या स्वयंपाकघरात मिसेस हेस्केट राहत होती. प्लमली बसला. नोरा हेस्केट, मालट्रक चालवणाऱ्याची विधवा, जिचा टीव्ही पार बागेत ऐकू यायचा, जी त्याला चष्मेवाले म्हणायची आणि कचऱ्याचे डबे हवे तिथे ठेवायची. डब्यांच्या त्या भांडणात तिनं त्याला फाटकाशी, पोस्टमनसमोर, तुमचा कचरा काय सुगंधी असतो का, असं विचारलं होतं. मार्जरी आणि तो तिला खालची बाई म्हणत. खालची म्हणजे खालच्या मजल्यावरची, असं ते दोघं एकमेकांना भासवत, पण दोघांनाही माहीत होतं की नुसतं तेवढंच नव्हतं. त्या सुराला त्यानं मिस ऑडलींची हनुवटी दिली होती, त्यांचे मोती दिले होते, पियानोपाशी गेलेलं एक बालपण दिलं होतं. कारण तो सूर चांगला होता, आणि चांगलं म्हणजे भिंतीपलीकडचंच, खालचं कसं असेल? आता ते सगळं काढून घेऊन खालच्या बाईच्या अंगावर चढवायचं म्हटलं तर कुठेच बसेना. त्याला राग आला. कोणाचा ते कळेना. मिस ऑडलींचा, त्या गायल्या नाहीत म्हणून? आणि मग, दाताखाली खडा यावा तसं, ते रडणं मध्ये आलं. मागच्या हिवाळ्यात हेस्केटबाईचा मुलगा मोटरसायकलच्या अपघातात गेला होता. टेरी. जिन्याच्या खालच्या चौकात समितीनं सांत्वनाचं एक कार्ड ठेवलं होतं, त्यावर प्लमलीनं इतरांसारखी सही केली होती. सही करून वर आला होता आणि भिंतीला कान देऊन, बिचाऱ्या मिस ऑडली, असं म्हणत बसला होता.

दोन दिवस तो तसाच घुटमळत राहिला. सकाळी सूर आला की भिंतीपाशी जायचा आणि पूर्वीसारखं ऐकायला बघायचा. पण आता त्यात भांड्याचा खरखराट जास्त ऐकू यायचा, प्रार्थनेचे शब्द त्यात बसता बसेनात, आणि तरीही तो सूर अंगात शिरायचा तो शिरायचाच. कोणाचाही असो, मला हवाय. सांगावं, तर तिला कळणार की कोणीतरी ऐकतंय, आणि ऐकणारं कोणी आहे हे कळल्यावर कोण तसं गुणगुणेल? न सांगावं, तर गुरुवारी धुराडं बुजणार. दोन्हीकडून सूर जाणारच. बुधवारी दुपारी तो खाली उतरला तो काही निर्णय घेऊन नव्हे, वरती बसवेना म्हणून.

"अहो चष्मेवाले!" नोरा हेस्केटनं दार उघडलं. हात कोपरापर्यंत साबणाचे. "काय, परत डबे? निळा डबा मी सकाळीच बाहेर ठेवलाय बघा."

"डब्यांचं नाही."

"मग कोण मेलं?" ती म्हणाली, आणि मिस ऑडली आठवून तिनं जीभ चावली. "या बाबा आत. बूट तेवढे पुसा."

जुन्या चुलीची कमान एवढी मोठी होती की तिच्यात तिचा फ्रीज, गॅसची शेगडी आणि कपड्यांचं मशीन शेजारी शेजारी उभं होतं. त्यांच्यावर अंधार होता, आणि त्या अंधारातून गार वारा खाली येत होता. खिडकीच्या कट्ट्यावर एका तरुण पोराचा फोटो होता, हेल्मेट काखेत धरलेला. प्लमलीनं तिकडे बघायचं टाळलं. तो धुराड्याबद्दल बोलला, आगीच्या नियमांबद्दल बोलला, झडपेबद्दल बोलला. ती तवा घासत ऐकत होती.

"बुजवू दे की," ती म्हणाली. "वारा मेला हाडं गोठवतो. तुम्हाला कशाला हवी झडप?"

"मला ऐकू येतं."

"काय ऐकू येतं?"

"तुम्ही. सकाळी तुम्ही गुणगुणता."

"मी? मी कुठली गुणगुणतेय!" पण मानेवरून वर लाली चढत गेली. "कधीपासून ऐकताय?"

"मार्जरी गेल्यापासून." आणि मग त्यानं सांगायचा प्रयत्न केला, पण ते सांगणं त्या दिवशी हॉलमध्ये भलत्या माणसावर खर्च होऊन गेलं होतं. उठत नव्हतो, तो म्हणाला, मग तुमच्यामुळे उठायला लागलो. मला वाटायचं, मिस ऑडली गातायत. ते मी तिथे सगळ्यांसमोर बोललोसुद्धा.

नोरानं तवा खाली ठेवला आणि ती हसत सुटली. "ऑडलीबाई! बेकन तळता तळता! अगं बाई गं!" तिचं हसणं कमानीत घुमून वर गेलं, आणि आपल्या रिकाम्या खोलीत आत्ता ते पोचत असेल, असं प्लमलीच्या मनात आलं. तिनं डोळे पुसायला हात वर नेला, आणि तो हात तसाच राहिला.

"म्हणजे सगळंच ऐकू येत असणार," ती म्हणाली.

"हो."

"माझ्या टेरीच्या वेळचं?"

प्लमलीनं आता खिडकीतल्या त्या फोटोकडे बघितलं.

"दुपारी बसायचे मी इथे. खुर्ची ओढून. कोणी नसायचं म्हणून." ती त्याच्याकडे बघत होती. "ते ऐकलंत तुम्ही?"

"ऐकलं."

"आणि आला नाहीत."

"मला वाटलं, त्या रडतायत."

"बरं. मग त्यांच्याकडे गेलात?"

"दारात मोरंबा ठेवला," प्लमली म्हणाला. ते शब्द बाहेर पडले तेव्हा त्याला दिसलं की हा काही बचाव नव्हता. बाई चुकली, दार चुकलं, ते घराच्या माथी मारता आलं असतं, घर होतंच तसं लबाड. पण कोणत्याच दारातून तो आत गेला नव्हता. रडणारी कोणीही असती तरी तो गेला नसता. त्याचा चेहरा वाकडा झाला आणि भर दुपारी, खालच्या बाईच्या स्वयंपाकघरात, कोटासकट, तो रडू लागला. नोरानं त्याला थांबवलं नाही. ती शेजारी येऊन बसलीही नाही. तिनं तवा पुसला, खुंटीला लावला आणि त्याच्याकडे पाठ करून उभी राहिली.

"झडप बसवता येईल," तो जरा वेळानं म्हणाला. "दोघांनी सांगितलं तर."

"कशाला? मी खाली गायचं आणि तुम्ही वर कान लावून बसायचं? आता कुठलं गाणं येतंय मला! तोंड उघडलं की तुम्ही दिसणार वर." ती वळली. "बुजवू दे त्यांना."

"मग मला काहीच ऐकू येणार नाही."

"नाहीच येणार. ऐकू येत होतं तेव्हा आला नाहीत ना? आता न ऐकता येऊन बघा."

गुरुवारी माणसं आली. त्यांनी निळा कागद फाडला, पुठ्ठा काढला, आणि प्लमलीला त्याच्या भिंतीतलं ते काळं तोंड पहिल्यांदा आणि शेवटचं दिसलं. दुपारपर्यंत तिथे ओल्या गिलाव्याचा करडा चौकोन होता.

शुक्रवारी सकाळी तो जागा झाला आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. पाण्याखाली बुडावं तशी शांतता होती. ती गात असेल, कदाचित. कदाचित तिचंही आता बंद पडलं असेल, आपल्यामुळे. ती म्हणाली ते आमंत्रण होतं की टोमणा? रात्रभर त्यानं ते उलटंसुलटं करून पाहिलं होतं, तिचा आवाज आठवून पाहिला होता, पाठमोरी मान आठवून पाहिली होती, आणि त्याला कळलं नव्हतं. हाक मारली असेल, तर इथे पडून राहणं हे पुन्हा तेच. टोमणा असेल, तर खाली जाणं म्हणजे नसतं तोंड दाखवणं. गादी उबदार होती. ती त्याला ओळखत होती, आणि अंग हळूहळू तिच्यात जड होत चाललं होतं. कोणीतरी काहीतरी वाजवावं, एखादं भांडं, एखादं दार, म्हणून त्यानं वाट पाहिली. काही वाजलं नाही. मग त्यानं एक पाय खाली टाकला, मग दुसरा, आणि काही न कळताच सदरा अडकवला, बूट शोधले. जिन्यावर जमीन कापत गेलेल्या त्या खिडकीतून आधी पायांवर उजेड पडला आणि पुढे खाली गेल्यावर डोक्यावर. तळाशी गारवा होता. मिसेस हेस्केटच्या दारापाशी तो उभा राहिला, श्वास रोखून, सवयीनं कान देऊन. दार जाड होतं, जुन्या ओकचं. आतून काहीही ऐकू येत नव्हतं. त्यानं दार वाजवलं.